नंबर नसलेली पाटी

तीस वर्षं संसार झाला की नवराबायकोकडे एकमेकांशी बोलायला वाक्यं उरत नाहीत. या दोघांकडेही उरली नव्हती, पण कारण जरा वेगळं होतं. त्यांनी ती विकली होती.

टेकडीवर सूर्यास्त बघायला जायचा जो रस्ता आहे, त्याचा चढ सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताचं शेवटचं दुकान त्यांचं. सूर्यास्त फुकट असतो. फुकटची गोष्ट बघून रिकाम्या हाताने घरी जायचं माणसाच्या अगदी जिवावर येतं, म्हणून उतरताना लोक काही ना काही विकत घेतात आणि त्यातल्या पुष्कळांना लाकडी पाटी घ्यावीशी वाटते. भिंतीला लावायची, छान पॉलिश केलेली, वर एक ओळ कोरलेली आणि खाली ज्याला द्यायची त्याचं नाव. जे तोंडावर बोलायची हिंमत होत नाही ते कागदात गुंडाळून, रिबन बांधून देता येतं. देणारा म्हणतो, गंमत आहे हो. घेणारा म्हणतो, अय्या, किती छान. आणि पाटी दाराआडच्या भिंतीवर जाते. सगळा धंदा या समजूतदारपणावर चालतो आणि बरा चालतो.

पुढे गल्ल्यावर बायको बसे. मागच्या खोलीत कारागीर, म्हणजे तिचा नवरा. मधे पातळ फळ्यांची भिंत आणि भिंतीला एक खिडकी, पाटी आडवी जाईल एवढीच. ओळी एकूण दोनशे चौदा. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसे तेव्हा कारागीर प्रत्येक ओळीच्या चार-सहा पाट्या कोरून नंबरवार खणांत रचून ठेवी. मोसमात फक्त नाव घालायचं काम. बायको गिऱ्हाइकाला घोळात घेई. कुणाला द्यायचीय, माणूस चिडका आहे का, घोरतो का, तुमचं त्याच्याशी खरंच पटतं का, असं सगळं गोड बोलून काढून घेई आणि मग खिडकीकडे मान न वळवता नंबर आणि नाव सांगे. आत पटाशीवर हातोडी पडू लागे. अर्ध्या तासाने खिडकीतून पाटी बाहेर. तीस वर्षांत कारागिराने गिऱ्हाइकाचं तोंड क्वचितच बघितलं असेल. त्याला त्याची गरजही वाटली नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या खोलीतून बायकोच्या आवाजात येणारा एक नंबर, अशी त्याची साधी समजूत होती.

नंबर घरातही शिरले होते. तो जेवायला उशिरा आला की ती नुसतं ‘बासष्ट’ म्हणून ताट पुढे सरकवी. बासष्ट म्हणजे ‘उशिरा येणाऱ्यास जेवण गार आणि बोलणे गरम मिळेल’. त्याने नको तिथे तोंड घातलं की ‘एकोणीस’. एकोणीस म्हणजे ‘मत विचारल्यावर द्यावे. विचारले जाणार नाही.’ जावई नवीन होता तेव्हा पहिली दोन वर्षं त्याचा असा समज होता की सासूबाई अधूनमधून सासऱ्यांचं ब्लडप्रेशर सांगतात, आणि ते एकोणिसावर आलं तरी मंडळी शांतपणे जेवतात याचं त्याला मनातून फार कौतुक वाटे.

तर लग्नाला तीस वर्षं झाली त्या सोमवारी मुलीकडून कुरियरने खोकं आलं. खोक्यात फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद, त्यात रंगीत कागद, त्यात रिबन आणि रिबनच्या आत एक लाकडी पाटी. पाट्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलीने आईबापांना पाटी पाठवली याचं नवल वाटायचं कारण नाही. ती पाट्यांच्या दुकानात वाढली होती, त्यामुळे तिने जन्मात एकही पाटी वाचली नव्हती.

पाटी कुठल्याशा कारखान्यातली, मशिनने कोरलेली. अक्षरं इतकी गुळगुळीत की त्यांना माणसाचा हात लागलेला नाही हे दुरूनही कळावं. त्यावर लिहिलं होतं, ‘या घरात सगळ्यांना जागा आहे.’

बायकोने पाटी गल्ल्यावर ठेवली आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. तो हात पुसत आला.

“ओळखलंत?”

“एकशे बत्तीस,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा लाल झाला. “चोरली की हो आपली ओळ. काय लोक असतात. दुसऱ्याचं वाक्य उचलायचं आणि खुशाल विकायचं.”

“हो ना,” बायको म्हणाली. “काय लोक असतात.”

हे तिने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज पाटीवर कोरता येत नाही. कारागीर हात पुसायचा थांबला.

मग तिने विचारलं, मी तेव्हा काय म्हणाले होते ते आठवतंय का. त्याला आठवत होतं. त्याचे तीन मामेभाऊ सहकुटुंब सूर्यास्त बघायला आले होते आणि आकाशात ढग असल्यामुळे आठ दिवस राहिले होते. मुलगी तीन वर्षांची. बायको स्वयंपाकघरात, टेबलाखाली पाय घालून झोपत होती. चौथ्या दिवशी सकाळी, एका हातात दुधाचं भांडं आणि एका हातात मुलगी अशी उभी राहून ती म्हणाली होती, ‘या घरात सगळ्यांना जागा आहे, एक मला सोडून.’ नवरा दारात थबकला होता. तो एकदम गंभीर झालेला बघून तिला वाटलं, आता हा पाहुण्यांना काहीतरी सांगणार. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि वाक्य लिहून घेतलं.

“आणि कोरलंत ते अर्धंच. पुढचं अर्धं कुठे गेलं?”

“फळी तेवढीच होती,” कारागीर म्हणाला.

हे खरं होतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट तेच होतं. ओळ लांब झाली की फळीत बसेल एवढी ठेवायची आणि शेपूट कापायचं, ही त्याची कामाची रीत होती. बायकोच्या वाक्यांचा सगळा डंख नेमका शेपटाकडे असे. त्यामुळे भांडणात निघालेली वाक्यं फळीवर येईपर्यंत गोड होत आणि लोक ती आपल्या आईला, सासूला, शेजारणीला प्रेमाने भेट देत.

त्यावर त्याने असा मुद्दा काढला की सगळ्याच ओळी काही तुझ्या नाहीत, निम्म्या माझ्या आहेत. कुठल्या, असं तिने विचारलं. आहेत, असं त्याने सांगितलं. वही आत आहे, शोधा म्हणजे मलाही कळेल, असं म्हणून तिने मुलीला फोन लावला आणि पाटी फार आवडली म्हणून सांगितलं. मुलगी म्हणाली, बघितल्याबरोबर वाटलं गं आई, ही अगदी तुझ्यासारखीच आहे. बायको म्हणाली, हो, बरीचशी.

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. “रविवारी अकराची बस आहे. ताई एकटीच असते, तिची खोली रिकामी आहे, खोलीला गॅलरी आहे. चार वर्षं बोलावतेय.”

“किती दिवस?”

“ते तुमच्यावर आहे. मला एक ओळ पाहिजे. तुमच्या तोंडची, माझ्यासाठी, वहीत नसलेली. रविवारपर्यंत दिलीत तर बस माझ्याशिवाय जाईल. नाहीतर मी जाईन आणि परतीचं तिकीट काढणार नाही. आणि तोवर गिऱ्हाइकांना नंबर मी सांगायची नाही. तीस वर्षं माझ्या तोंडावर दुकान चाललं, आता जरा तुमच्यावर चालवून बघू.”

ती हे अजिबात रागावून बोलली नाही. रागावली असती तर त्याला निदान एखादी ओळ तरी मिळाली असती.

एक ओळ म्हणजे काय मोठंसं, असं कारागिराला मंगळवारी सकाळपर्यंत वाटत होतं. तीस वर्षं ज्याचा हात प्रेमावर, मायेवर आणि आठवणींवर बसलेला, त्याला आपल्या बायकोसाठी चार शब्द सुचू नयेत असं कसं होईल. चहा घेताना त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “तू माझ्या आयुष्याचा आधार आहेस.”

बायकोने वर्तमानपत्र खाली न घेता सांगितलं, “एकशे सहा. आधी आपण ती टेकडी चढायच्या काठ्यांवर कोरायचो.”

दुपारी त्याने शेजारच्या फोटोवाल्याला गाठलं. फोटोवाला म्हणजे या रस्त्यावरचा रसिक माणूस. सूर्यास्त ढगात गेला तर त्याच्या दुकानात पडद्यावर रंगवलेला सूर्यास्त तयार असे, आणि लोक सांगत की तो जास्त चांगला येतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून सल्ला दिला, की काका, शब्द डोक्यातून काढू नका, काळजातून काढा. मग स्वतःच्या काळजातून काढून एक ओळ दिलीही. कारागिराने ती तळहातावर पेन्सिलीने लिहून घेतली आणि संध्याकाळी वाचून दाखवली, “तुझ्याविना सारे सुने.”

“दोनशे तीन,” बायको म्हणाली. “कुत्रा हरवलेल्या बाईंसाठी केली होती. नंतर सापडला तो.”

इकडे दुकान त्याच्यावर चाललं होतं, म्हणजे कसंबसं सरपटत होतं. बायको रोजच्या वेळेला येऊन रोजच्या खुर्चीवर बसे, आल्यागेल्याला पाणी देई, ऊन फार आहे म्हणे आणि पेपर वाचे. गिऱ्हाइकाने पाटीबद्दल विचारलं की ती मागच्या खोलीकडे बोट दाखवी. कारागीर पटाशी टाकून बाहेर येई. ‘कुणासाठी पाहिजे’ यापुढे काय विचारायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. एका नवऱ्या मुलीला त्याने ‘आता तरी सुखाने राहा’ ही दिली, जी सोडचिठ्ठी झालेल्यांसाठी होती. मुलीने वाचून आभार मानले. आत जाऊन नाव कोरायला बसावं तर पटाशी घसरे. सोमवारी दुपारी एका फळीला चरा गेला, मंगळवारी एकीचा कोपरा उडाला. त्याला वाटलं, पटाशीची धार गेली. त्याने धार लावली. बुधवारी सकाळी धारदार पटाशीने आणखी खोल चरा गेला.

त्याच बुधवारी एका ऑफिसातली तीन माणसं आली. त्यांचे साहेब रिटायर होत होते, निरोपाचा समारंभ संध्याकाळी होता, आणि साहेबांबद्दल बोलायला कुणीच तयार नसल्यामुळे पाटी द्यायचं ठरलं होतं. अशा साहेबांसाठी नंबर अठ्ठ्याहत्तर, ‘आपल्यासारखे साहेब पुन्हा होणे नाही’. ही पाटी फार खपते, कारण ती देणाऱ्याला खोटं बोलावं लागत नाही. कारागिराने खणातून एक काढली, जीव मुठीत धरून साहेबांचं नाव न घसरता कोरलं, आणि नाव ठीक आल्याच्या आनंदात वरची ओळ न बघताच कागदात गुंडाळून दिली. ते लोक रस्ता ओलांडून गेल्यावर त्याचं लक्ष खणाकडे गेलं. अठ्ठ्याहत्तरचा खण भरलेला होता. रिकामी जागा त्याच्या बरोबर खालच्या खणात, अठ्ठ्याऐंशीत. अठ्ठ्याऐंशी म्हणजे मुलं हॉस्टेलला गेलेल्या आईबापांसाठी काढलेली ‘अखेर शांतता’.

तो धावत बाहेर आला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. बायकोने पेपरातून बघितलं आणि पान उलटलं. तिला आतला खण दिसत नव्हता, पण तीस वर्षांच्या सवयीने तिला बहुतेक सगळं कळलं असावं.

ती माणसं शुक्रवारी परत आली. कारागिराने त्यांना दुरून पाहिलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मार बसलाच तर चष्मा तरी वाचावा. तिघांनी त्याचे हात धरले. साहेबांनी म्हणे स्टेजवर कागद सोडून पाटी मोठ्याने वाचली, ‘अखेर शांतता’, खाली स्वतःचं नाव वाचलं, आणि ते रडले. म्हणाले, चौतीस वर्षांत या ऑफिसात मला कुणी ओळखलं नव्हतं, आज ओळखलं. स्टाफने उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या थांबेचनात. साहेबांनी त्या एका अर्थाने घेतल्या आणि स्टाफने दुसऱ्या अर्थाने वाजवल्या, पण समारंभ फारच हृद्य झाला. आता आणखी दोन साहेबांसाठी तशाच हव्या होत्या. त्यांना रिटायर व्हायला अनुक्रमे सहा आणि नऊ वर्षं होती.

“बघ,” ते गेल्यावर कारागीर बायकोला म्हणाला, “मला जमतं.”

“चूक जमली,” बायको म्हणाली. “आणि ओळ कुणाची होती?”

ती ओळ तिची होती. मुलीला हॉस्टेलच्या बसमध्ये बसवून आल्यावर, रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून ती म्हणाली होती, ‘अखेर शांतता. आता ही घेऊन करू काय.’ शेपूट त्याने नेहमीप्रमाणे कापलं होतं. हॉस्टेलच्या गाडीबरोबर तिचे डोळे कुठवर गेले होते हे त्याला तेव्हा दिसलं नव्हतं, कारण तो लिहून घेत होता.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक तुरळक होतं. कारागिराने पाठीला टेकू घेतला आणि वही उघडली. निम्म्या माझ्या आहेत असं तो बोलून बसला होता. निम्म्या नाही तर दहा-वीस तरी निघतील आणि मग त्याच घराण्यातली एखादी अकरावी काढता येईल, असा त्याचा हिशेब. पहिलं पान. नंबर एक, ‘सुस्वागतम’. ही त्याची. नंबर दोन, ‘पाहुणे येती घरा’, पुढे कापलेलं, तिचं. तीन तिची. चार तिची, दात दुखत होता तेव्हाची. नऊ, ‘हे घर माझे आहे, मी येथे बायकोच्या परवानगीने राहतो’, वाचायला वाटतं नवऱ्याची, पण ती तिनेच वाण्याला सांगितली होती. चाळीस, ‘येथे तक्रार करू नये, आधी माझी ऐकावी लागेल’. एकोणीस, बासष्ट, एकशे सहा. एकशे सहा सुद्धा. पाय मुरगळला होता तेव्हा काठीला म्हणाली होती ती, तूच बाई माझ्या आयुष्याचा आधार, बाकी कुणी हलत नाही. प्रत्येक ओळीच्या वेळी ती कुठे उभी होती, हातात काय होतं, हे त्याला लख्ख आठवत गेलं. आपण तिला काय उत्तर दिलं ते एकदाही आठवेना. बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आलं, उत्तर दिलंच नव्हतं. प्रत्येक वेळी हात कानावर गेला होता.

वही संपली तेव्हा दोनशे चौदांतल्या त्याच्या स्वतःच्या ओळी दोन निघाल्या. ‘सुस्वागतम’ आणि सत्तावन्न, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. त्यातली एक सगळ्या जगाची होती आणि दुसरी कुत्र्याची.

त्याने वही मिटली आणि उगीच हात चालू ठेवायला म्हणून एक फळी घेतली. पलीकडे बायको बॅगेची चेन लागते का बघत होती. पटाशी घसरली. चौथी फळी.

रविवारी सकाळी त्याने सगळ्यात चांगल्या लाकडाची एक फळी काढली, तिला रंधा मारला, पॉलिश केलं, आरशासारखी केली आणि तिच्यावर काहीच कोरलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घेतली. दुसऱ्या हातात बायकोची बॅग. रस्त्याने जाताना फोटोवाला दारात उभा होता, त्याने मूठ वळून काळजावर ठेवली. कारागिराने बघितलं न बघितलंसं केलं.

बसस्टँडवर बाकावर दोघं बसली. बस लागली होती, कंडक्टर दाराशी उभा राहून चहा पीत होता. कारागिराने पुडकं पुढे केलं. तिने कागद सोडला, फळी उलटीसुलटी करून बघितली.

“कोरी?”

“हो,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने सकाळपासून घोकलं होतं. “शब्दांत सांगता येत नाही म्हणून.”

“एकशे सत्त्याऐंशी,” बायको म्हणाली.

खरंच होती. ‘शब्दांत सांगता येत नाही.’ एकशे सत्त्याऐंशी, नवीन लग्न झालेले घेतात, खाली दोन नावं आणि मधे बदाम.

कारागीर चिडला. बायकोवर चिडला, कारखान्यावर चिडला, फोटोवाल्याच्या काळजावर चिडला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच चिडलेला असताना त्याच्याजवळ लिहून घ्यायला दुसऱ्याचं वाक्य नव्हतं.

“मग जा,” तो म्हणाला. “ठरवलंच आहेस तर जा. तू पलीकडे बोलत नसलीस की माझा हात चुकतो. सोमवारपासून चार फळ्या वाया गेल्या. इतक्या वर्षांत कधी असं झालं नाही. मी मूर्खासारखा धार लावत बसलो. आणि तू तिकडे गॅलरीत बसणार.”

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “काय म्हणालात?”

“तू गॅलरीत बसणार.”

“त्याच्या आधी.”

“धार लावत बसलो.”

“त्याच्याही आधीचं.”

त्याने ते पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कुरकूर कमी झाली होती आणि आवाजही. आपण काय बोललो हे त्यालाही पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

बायकोने हात पुढे करून त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. त्या पेन्सिलीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिने फळी मांडीवर घेतली आणि सावकाश, एक अक्षर न गाळता, लिहायला लागली. चष्मा बॅगेत होता म्हणून अक्षरं मोठी येत होती. लिहिता लिहिता फळी संपायला आली.

कारागिराने वाकून बघितलं. “एवढं नाही बसायचं,” तो सवयीने म्हणाला. “पहिलं वाक्य ठेवू. फळ्यांचं गेलं तरी—”

ती लिहायची थांबली.

“मोठी फळी घेतो,” तो म्हणाला.

“घ्या.”

कंडक्टरने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, काकू, येताय ना. बायको म्हणाली, नाही, ऑर्डर आलीय. बॅग परत नेताना पहिल्यापेक्षा जड लागली, पण ते कारागिराने बोलून दाखवलं नाही. आता त्याला बोलायची भीती वाटायला लागली होती. काय केव्हा लिहून घेतलं जाईल सांगता येत नव्हतं. ताईला फोन झाला. ताई म्हणाली, गॅलरी कुठे पळून जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्या खोलीत गाद्या टाकल्यात.

पाटी कोरायला चार दिवस लागले. पलीकडे नंबर पुन्हा सुरू झाले होते, घोरतो का, चिडका आहे का, खरंच पटतं का, आणि एकही अक्षर चुकलं नाही. ‘तू पलीकडे बोलत नसलीस की माझा हात चुकतो. सोमवारपासून चार फळ्या वाया गेल्या.’ मूर्खासारखा धार लावत बसल्याचंही घ्यावं असा बायकोचा आग्रह होता, पण दुकानात तेवढी मोठी फळीच नव्हती, आणि या वेळी ते खरोखरीच खरं आहे याची तिने गजाने फळ्या मोजून खात्री करून घेतली. पाटी गल्ल्यामागे लागली. मुलीने पाठवलेली पाटी घरात लागली आणि तिच्या खाली बायकोने एक छोटीशी जोडपाटी कोरून घेतली, ‘एक मला सोडून’. पुढच्या महिन्यात मुलगी आली तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा घरातली पाटी पूर्ण वाचली, आईकडून तिची गोष्ट काढून घेतली आणि स्वयंपाकघरातलं टेबल हलवून बघत किती तरी वेळ तिथे उभी राहिली.

मोसमाच्या शेवटी एक गृहस्थ आले. सूर्यास्त बघून झाला होता, बरोबरची बाई पुढे निघून गेली होती, आणि त्यांना काहीतरी घेऊन तिच्या मागे जायचं होतं. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या त्यांनी वाचल्या, गल्ल्यामागची दोनदा वाचली, आणि विचारलं, ही कितव्या नंबरची.

“तिला नंबर नाही,” बायको म्हणाली. “ती घेतलीत तर आतला माणूसही बरोबर न्यावा लागेल. आणि एकदा नेलेला माणूस परत घेतला जात नाही.”

गृहस्थांनी खिडकीतून आत वाकून बघितलं आणि तक्रारीचा चाळीस नंबर घेतला.

आत हातोडी थांबली होती. कारागिराने वाक्य मनात एकदा घोळवून बघितलं. ‘एकदा नेलेला माणूस परत घेतला जात नाही.’ झकास होतं. लग्नाच्या मोसमात हातोहात गेलं असतं, आणि मधल्या मापाच्या फळीत शेपटासकट बसत होतं. त्याने हळूच वही ओढली, कानावरची पेन्सिल काढली, नव्या ओळीवर दोन लिहिला, पुढे एक लिहिला.

“अहो,” पलीकडून आवाज आला, “पेन्सिल कानावर.”

पेन्सिल कानावर गेली. चाळीस नंबरखालचं नाव फार सुरेख आलं.